एंटर दाबण्याआधीचं पान

तिकीट येतं : "जुन्या मोहिमेचं डोमेन सीडीएनवरून काढून टाका." काम दोन मिनिटांचं वाटतं. टूल तयार असतं, कमांड एका ओळीची असते. पण ते टूल ज्यानं लिहिलं तो एव्हाना दुसऱ्या टीममध्ये गेलेला असतो आणि आज ते चालवणाऱ्याच्या हाताशी एकच पान असतं. त्या पानावर लिहिलेलं असतं : "दिलेलं डोमेन डिलीट करतं." नेमकं काय डिलीट होतं, मागे काय उरतं आणि चूक झाली तर ते परत आणता येतं का, याबद्दल पान गप्प असतं.

अशा टूलचं डॉक्युमेंटेशन लिहिण्याची वेळ तुमच्यावर आली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. डोमेन जोडणाऱ्या टूलच्या पानात चूक राहिली तर वाचक वैतागतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. डोमेन काढणाऱ्या टूलच्या पानात चूक राहिली तर एखादी चालू वेबसाइट बंद पडते. म्हणून हे पान एंटर दाबण्याआधीच्या शेवटच्या मिनिटात वाचलं जाणार आहे, असं धरूनच ते लिहायला हवं.

आधी क्रियापदं ठरवा

आपण बोलताना "डोमेन काढलं" असं सरसकट म्हणतो, पण सीडीएनच्या बाबतीत त्या एका शब्दात निदान पाच वेगळी कामं असतात. पहिलं, डीएनएसमधला तो रेकॉर्ड बदलणं, ज्यामुळे येणारे लोक सीडीएनकडे वळतात. दुसरं, सीडीएनच्या कॉन्फिगरेशनमधून ते नाव वेगळं करणं. तिसरं, त्या नावाचं टीएलएस सर्टिफिकेट काढणं. चौथं, जगभरच्या सर्व्हरवर साठलेल्या प्रती पुसणं, म्हणजे पर्ज करणं. पाचवं, ते डोमेन ज्या झोनमध्ये किंवा डिस्ट्रिब्युशनमध्ये आहे तेच मुळापासून हटवणं.

इथे मराठी मदतीला येते. वेगळं करणं, बंद करणं, पुसणं आणि हटवणं ही आपल्याकडची चार निराळी क्रियापदं आहेत. पानाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाचा अर्थ एका ओळीत बांधून टाका आणि पुढे तो मोडू नका. एकाच पानावर एकदा "रिमूव्ह", एकदा "डिलीट" आणि एकदा "डिसेबल" आलं, तर ही तीन वेगळी कामं आहेत की एकाच कामाची तीन नावं, हे वाचकाला कळत नाही. पान इंग्रजीत लिहीत असाल तरी नियम हाच.

प्रत्येक सेवेत या कामांची वाटणी निराळी असते, हेही पानावर यायला हवं. अमेझॉनच्या क्लाउडफ्रंटमध्ये डोमेन हे डिस्ट्रिब्युशनला दिलेलं पर्यायी नाव असतं. ते नाव यादीतून काढलं तरी डिस्ट्रिब्युशन जागेवर राहतं. डिस्ट्रिब्युशनच हटवायचं असेल तर आधी ते डिसेबल करावं लागतं, तो बदल सगळीकडे पोचेपर्यंत थांबावं लागतं आणि त्यानंतरच हटवता येतं. फास्टलीच्या व्हर्जन-आधारित पद्धतीत चालू व्हर्जनला हात लावता येत नाही. त्याची नक्कल करायची, नकलेतून डोमेन काढायचं आणि मग ती नक्कल चालू करायची. क्लाउडफ्लेअरवर पूर्ण झोन हटवला तर त्या झोनमधले सगळे डीएनएस रेकॉर्ड जातात. त्यात ईमेलचे एमएक्स रेकॉर्डही आले. वेबसाइट सीडीएनवरून काढायला गेलेला माणूस कंपनीचं टपाल बंद करून बसतो, तो असा.

तुमचं टूल या पाचांपैकी कोणती कामं करतं आणि कोणती करत नाही, हे पानाच्या पहिल्या पडद्यावरच दिसू द्या. त्यातली "करत नाही" ही यादी जास्त कामाची, कारण टूल सगळं आवरून ठेवतं असं वाचक मनाशी धरून चालतो.

क्रम लिहा, आणि क्रमाचं कारणही

बहुतेक वेळा सुरक्षित क्रम असा असतो. आधी डीएनएस सीडीएनवरून दुसरीकडे वळवा. जुना टीटीएल संपेपर्यंत थांबा. सीडीएनच्या लॉगमध्ये त्या नावानं येणारी रहदारी जवळजवळ थांबल्याची खात्री करा. मग कॉन्फिगरेशनमधून नाव वेगळं करा. शेवटी सर्टिफिकेट आणि उरलेसुरले रेकॉर्ड आवरा.

हा क्रम पाठ करायला सांगितला तर घाईत विसरतो; त्यामागचं कारण कळलं तर लक्षात राहतो. म्हणून प्रत्येक पायरीखाली एका वाक्यात कारण द्या. नाव आधी सीडीएनवरून काढलं आणि डीएनएस तसाच राहिला, तर येणारा माणूस अशा दारात उभा राहतो जिथे त्याला कोणी ओळखत नाही. फास्टली अशा वेळी "अननोन डोमेन" असा एरर दाखवते. याहून मोठा धोका म्हणजे लटकता सीनेम. तुमचा रेकॉर्ड सीडीएनकडे बोट दाखवत राहतो, पण तिथे त्या नावावर कोणाचाच हक्क उरलेला नसतो. मालकी नीट न तपासणारी सेवा असेल तर तिऱ्हाईत माणूस तेच नाव आपल्या खात्यात जोडून घेऊ शकतो आणि तुमच्या पत्त्यावरून हवं ते दाखवू शकतो. यालाच सबडोमेन टेकओव्हर म्हणतात.

टीटीएलबद्दल नुसतं "थोडा वेळ थांबा" असं लिहू नका. रेकॉर्डचा टीटीएल ८६४०० सेकंद असेल, तर रिझॉल्व्हर जुनं उत्तर २४ तास जपून ठेवू शकतो. तो ३०० सेकंदांवर आणला तरी फायदा लगेच मिळत नाही, कारण ज्यांनी जुनं उत्तर आधीच घेतलंय त्यांच्याकडे ते जुन्या मुदतीपर्यंतच राहणार. म्हणजे टीटीएल आदल्या दिवशी कमी करायला हवा. पानावर हे "चालवण्याच्या २४ तास आधी" अशा शीर्षकाखाली वेगळं काढा. काम सुरू केल्यावर ते वाचून काही उपयोग नसतो.

आणखी तीन गोष्टी क्रमात हमखास राहून जातात. एक, मधला सीडीएन निघाल्यावर लोक थेट ओरिजिन सर्व्हरवर येणार. तिथल्या फायरवॉलमध्ये फक्त सीडीएनच्याच आयपी पत्त्यांना वाट दिलेली असेल तर साइट बंद दिसेल. दोन, एचएसटीएस. ब्राउझरला एकदा या डोमेनवर फक्त एचटीटीपीएसनंच जायचं असं सांगितलं गेलं असेल आणि ओरिजिनवर ग्राह्य सर्टिफिकेट नसेल, तर वाचकाला "तरीही पुढे जा" हा पर्यायही मिळत नाही. तीन, डीएनएससेक. नेमसर्व्हर बदलायचे असतील तर रजिस्ट्रारकडचा डीएस रेकॉर्ड आधी काढून त्याचीही मुदत संपू द्यावी लागते. नाहीतर सही तपासणारे रिझॉल्व्हर ते डोमेन सरळ नाकारतात.

पर्जचंही तसंच. साठलेल्या प्रतींमध्ये काही नाजूक मजकूर असेल तर नाव वेगळं करण्याआधी पर्ज करा. नाव निघून गेल्यावर त्या नावानं पर्जची आज्ञा देता येईलच असं नाही.

टूलला काय द्यायचं, हे नि:संदिग्ध लिहा

एप्रिल २०२२ मध्ये अटलासियन या कंपनीत घडलेली गोष्ट काढणारं टूल लिहिणाऱ्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावी. त्यांना एक जुनं ॲप ग्राहकांच्या साइटवरून काढायचं होतं. काढायला सांगणाऱ्या टीमनं ॲपचे ओळखक्रमांक देण्याऐवजी ते ॲप ज्या साइटवर होतं त्या पूर्ण साइटचे ओळखक्रमांक दिले. हटवणारी एपीआय दोन्ही प्रकारचे क्रमांक घेत होती आणि दिलेला क्रमांक बरोबरच आहे असं धरून चालत होती. आपण ॲप काढतोय की साइट, याची सूचना तिनं दिली नाही. सुमारे २३ मिनिटांत ८८३ साइट गेल्या. ७७५ ग्राहकांची सेवा बंद पडली, काहींची तर १४ दिवसांपर्यंत. कामाआधी सहकाऱ्यांनी तपासणी केली होती, पण ती कोणती एपीआय कशी वापरली जातेय याची. क्रमांक कशाचे आहेत, हे कोणी पडताळलं नाही.

यातून आपल्या पानासाठी थेट धडा मिळतो. "आयडी द्या" असं कधीही लिहू नका. कोणाचा आयडी, तो कुठे सापडतो, दिसतो कसा, आणि दुसऱ्याच वस्तूचा आयडी दिला तर टूल काय करेल, या चार प्रश्नांची उत्तरं द्या. तुमचं टूल झोनचा आयडी आणि डोमेनचं नाव दोन्ही घेत असेल, तर ही गोष्ट पानावर लाल चौकटीत हवी. खरं तर ती टूलमध्येच दुरुस्त करायला हवी. पान लिहिता लिहिता अशा जागा सापडतात. त्या शब्दांनी झाकू नका, टूल बनवणाऱ्यांना कळवा.

वाइल्डकार्डबद्दल वेगळा परिच्छेद लिहा. तारांकित नाव दिल्यावर टूल फक्त तारांकित नोंद काढतं की त्याखाली बसणारी सगळी सबडोमेन काढतं? मुख्य डोमेन दिलं तर "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू"चं नावही जातं का? सर्टिफिकेट वाइल्डकार्डचं असेल तर त्यावर इतर सबडोमेन विसंबून असतात. ते हटवलं जात नाही ना, हेही सांगा.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक मुद्दा. २०१४ पासून 'डॉट भारत' हे देवनागरी टोकाचं डोमेन मिळू लागलं आणि मराठीतही संपूर्ण पत्ता लिहिता येऊ लागला. पण डीएनएसमध्ये हे नाव देवनागरीत साठत नाही. ते 'एक्सएन' आणि दोन हायफन यांनी सुरू होणाऱ्या पुनीकोड रूपात साठतं. टूल कोणतं रूप घेतं, आणि लॉगमध्ये कोणतं दाखवतं, हे लिहा. दोन्ही रूपं घेत असेल तर खात्रीच्या प्रश्नात दोन्ही दाखवावीत. देवनागरीत दिसायला एकच असलेलं अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं. 'ऱ' हे एकसंध अक्षर म्हणूनही येतं आणि 'र'ला नुक्ता जोडूनही. टूल नावं प्रमाणित करून घेत नसेल तर डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावं त्याच्या लेखी वेगळी ठरतात.

सराव-फेरी आणि मर्यादा

अमेझॉनची एस-थ्री सेवा २८ फेब्रुवारी २०१७ रोजी उत्तर व्हर्जिनियाच्या विभागात चार तासांहून अधिक काळ कोलमडली. एका अधिकृत कर्मचाऱ्यानं ठरलेल्या प्लेबुकप्रमाणेच थोडे सर्व्हर काढण्याची कमांड दिली होती. त्यात एक इनपुट चुकीचं टंकलं गेलं आणि हवे होते त्याहून बरेच जास्त सर्व्हर निघाले. नंतर कंपनीनं टूल बदललं. ते आता सर्व्हर सावकाश काढतं आणि कोणतीही उपप्रणाली किमान क्षमतेखाली जाणार असेल तर काढूच देत नाही.

लिखित पद्धत पाळूनही हे घडलं, हे ध्यानात ठेवा. नुसत्या सावधगिरीच्या सूचनेवर विसंबून चालत नाही. तुमच्या टूलमध्ये ड्राय रन असेल, म्हणजे काहीही न काढता काय निघेल ते दाखवणारी सराव-फेरी असेल, तर पानावरचं पहिलं उदाहरण तिचंच असू द्या. वाचक पहिलं उदाहरण उचलून चिकटवतो. ते उदाहरण खरंखुरं हटवणारं असेल तर धोका आपणच पुढे वाढून ठेवला.

सराव-फेरीचं आउटपुट पूर्ण छापा आणि कोणत्या ओळीकडे पाहायचं ते सांगा. "निघणारी डोमेन : १" असं दिसायला हवं. १ च्या जागी १४ दिसलं तर थांबा आणि कोणाला विचारायचं, ते लिहा. व्यक्तीचं नाव लिहू नका, माणसं बदलतात. टीमचं नाव आणि तिच्यापर्यंत पोचण्याची वाट लिहा.

यादी देऊन अनेक डोमेन काढता येत असतील तर अर्धवट अपयशाबद्दल लिहायलाच हवं. चाळीसपैकी सतराव्या नावावर टूल अडलं तर आधीची सोळा निघालेली राहतात का? पुढची तेवीस निघतात की टूल थांबतं? तीच यादी पुन्हा चालवणं सुरक्षित आहे का? एचटीटीपीच्या नियमांप्रमाणे डिलीट ही विनंती पुन्हा पाठवली तरी अंतिम परिणाम तोच राहायला हवा, पण उत्तर बदलू शकतं. पहिल्यांदा यश मिळतं, दुसऱ्यांदा ४०४ येतो. हा ४०४ म्हणजे "आधीच निघालंय" की "नाव चुकलं", हे वाचकाला कसं ओळखता येईल ते सांगा.

एक छोटा नमुना

समजा टूलचं नाव 'डोमेन-काढ' आहे. त्याच्या पानाचा वरचा भाग असा असू शकतो :

काय करतं : एक डोमेन सीडीएनच्या कॉन्फिगरेशनमधून वेगळं करतं. बदल काही मिनिटांत सर्व सर्व्हरवर लागू होतो.

काय करत नाही : डीएनएस रेकॉर्ड बदलत नाही. कॅश पुसत नाही. सर्टिफिकेट हटवत नाही.

कोणाला चालवता येतं : कॉन्फिगरेशन बदलण्याची परवानगी असलेलं टोकन ज्यांच्याकडे आहे त्यांना. केवळ पर्जची परवानगी असलेलं टोकन चालणार नाही.

आधी तपासा : या नावाचा डीएनएस सीडीएनकडे बोट दाखवत नाही ना. गेल्या २४ तासांत या नावानं आलेल्या विनंत्या किती.

सराव-फेरी : एक्झाम्पल डॉट कॉम हे नाव देऊन ड्राय रन चालवा. "निघणारी डोमेन : १" ही ओळ पाहा.

परत आणायचं असेल तर : आधीचं व्हर्जन पुन्हा चालू करा. सर्टिफिकेट हटवलेलं असेल तर हे पुरेसं नाही. "पूर्ण पूर्वस्थिती" हा भाग पाहा.

नमुन्यात एक्झाम्पल डॉट कॉम घेतलं, त्याला कारण आहे. एक्झाम्पल डॉट कॉम, डॉट नेट आणि डॉट ऑर्ग ही नावं १९९९ पासून आरएफसी २६०६ नुसार उदाहरणांसाठीच राखून ठेवलेली आहेत. आयपी पत्तेही असे राखीव आहेत, १९२.०.२.० पासून सुरू होणारा गट त्यातलाच एक. उदाहरणात खऱ्या ग्राहकाचं किंवा स्वतःच्या कंपनीचं चालू डोमेन कधीही घालू नका. कोणी ना कोणी ते जसंच्या तसं चिकटवून एंटर दाबतो.

परतीची वाट

परत फिरण्याबद्दल लिहिताना आधी स्वतःला विचारा : यातलं काय खरोखर परत येतं? फास्टलीत व्हर्जन-आधारित पद्धतीनं काढलेलं डोमेन जुनं व्हर्जन चालू करून परत आणता येतं. क्लाउडफ्रंटमध्ये पर्यायी नाव काढलं तर ते पुन्हा जोडता येतं, पण त्या नावाला लागू होणारं सर्टिफिकेट हाताशी हवं. डिस्ट्रिब्युशनच हटवलं तर नवं बनवावं लागतं आणि त्याला सीडीएनकडून मिळणारा पत्ताही नवा असतो. म्हणजे जुन्या पत्त्याकडे बोट दाखवणारे सगळे रेकॉर्ड बदलावे लागणार. झोन हटवण्याआधी त्याचे डीएनएस रेकॉर्ड फाइलमध्ये उतरवून घेतले नसतील तर ते आठवून आठवून पुन्हा भरावे लागतात.

म्हणून परतीच्या वाटेची तयारी "आधी करा" या भागात लिहा, शेवटी नको. रेकॉर्डची प्रत घ्या, चालू व्हर्जनचा क्रमांक टिपून ठेवा, सर्टिफिकेट निदान काही दिवस तसंच राहू द्या. जे परत येत नाही त्याबद्दल स्पष्ट वाक्य लिहा : "हे परत आणता येत नाही." तिथे "शक्यतो" किंवा "सहसा" असे शब्द घालून वाचकाला खोटा दिलासा देऊ नका.

काम झालं, हे कसं कळणार

टूलनं "यशस्वी" म्हटलं की वाचक उठून जातो. पण ते यश फक्त टूलच्या वाट्याच्या कामापुरतं असतं. पानाच्या शेवटी तपासणी द्या. डिग कमांडनं आधी अधिकृत नेमसर्व्हरला विचारा, मग ८.८.८.८ आणि १.१.१.१ अशा दोन सार्वजनिक रिझॉल्व्हरना. उत्तरं जुळेपर्यंत काम संपलेलं नाही. त्यानंतर ब्राउझरमध्ये साइट उघडून सर्टिफिकेट कोणाचं दिसतं ते पाहा. त्या डोमेनच्या नावानं ईमेल येत असेल तर एक चाचणी ईमेल पाठवून बघा. सीडीएनच्या लॉगवर दुसऱ्या दिवशी पुन्हा नजर टाका. कुठल्या तरी जुन्या ॲपमध्ये तो पत्ता लिहून ठेवलेला असतो आणि ते त्या दिवशी बोलू लागतं.

पानाचीही परीक्षा घ्या

पान लिहून झालं की ते टूल कधीच न वापरलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्या. एक चाचणी डोमेन द्या आणि शेजारी बसा, पण बोलू नका. ती जिथे थांबेल, जिथे मागे जाऊन पुन्हा वाचेल, जिथे तुमच्याकडे पाहील, त्या जागा टिपून ठेवा. तिथे तिची समज कमी नव्हती, तुमचं वाक्य अपुरं होतं. ती वाक्यं दुरुस्त करा आणि दुसऱ्या सहकाऱ्याकडे जा.

टूलच्या कोडमध्ये बदल झाला की त्याच बदलासोबत पानही बदललं पाहिजे, असा नियम टीममध्ये लावून घ्या. पानावर टूलचं व्हर्जन आणि शेवटच्या पडताळणीची तारीख असू द्या. दीड वर्षापूर्वीची तारीख दिसली तर वाचक निदान सावध होईल.

हे सगळं एका दिवसात होणार नाही. आज वेळ कमी असेल तर तुमच्या टीममध्ये हटवणारं जे टूल सर्वात जास्त वापरलं जातं, ते उघडा आणि त्याच्या पानावर तीन ओळी वाढवा : हे काय करत नाही, आधी काय जपून ठेवायचं, आणि कशाला परतीची वाट नाही. यातली एखादी ओळ लिहिता आली नाही, तर टूल लिहिणाऱ्याला गाठून विचारा. तो अजून कंपनीत आहे तोवरच विचारा.